वॅगनला डेमरेज, हमालाला काय?



कोल्हापूर स्टेशन म्हटलं की आपल्या हॉस्टेलवाल्यांना काय आठवतं? दिवाळीच्या सुट्टीआधी महालक्ष्मी एक्सप्रेसचं वेटिंग, कोयनेतली खिडकीची जागा आणि स्टेशनबाहेरचा रिक्षावाल्याशी वाद. रेल्वे म्हणजे पॅसेंजर, एवढंच आपल्या डोक्यात असतं. खरं तर रेल्वेचं पोट भरतं मालगाडीवर. तुमच्या-माझ्या तिकिटात जो तोटा होतो तो मालाच्या भाड्यातून भरून काढला जातो. या मालगाडीबद्दल आणि मालधक्क्यावर तिची वाट बघत बसणाऱ्या माणसांबद्दल मला लिहायचं आहे. विषय ऐकल्यावर माझी रूममेट म्हणाली, "त्यापेक्षा मेसवर लिही, लोक वाचतील तरी." पण मेसवर दर वर्षी तीन लेख येतात आणि आमटी तशीच राहते!

आणखी एक. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्यामुळे मधे मधे इंग्रजी शब्द येतील, सांभाळून घ्या. तसेही रेक, वॅगन, इंडेंट, डेमरेज हे शब्द मालधक्क्यावर मी अस्सल कोल्हापुरी हेल काढून बोललेले ऐकले आहेत. त्यामुळे ते आता आपलेच म्हणायला हरकत नाही.

तर मुद्दा असा. समजा तुम्ही शाहू मार्केट यार्डातले गुळाचे व्यापारी आहात आणि तुम्हाला माल लांब उत्तरेत पाठवायचा आहे. रेल्वेच्या ऑफिसात गेलात तर पहिला प्रश्न येणार, "रेक आहे का?" रेक म्हणजे अख्खी मालगाडी. बंद डब्यांची जुनी बीसीएन जातीची गाडी घेतली तर साधारण चाळीस वॅगन, एकेका वॅगनमध्ये साठ-एक टन. म्हणजे अंदाजे २,५०० टन. नवी बीसीएनएचएल गाडी ५८ वॅगनची, तिच्यात जवळ जवळ ४,००० टन मावतात. आता ३० किलोचा एक रवा धरा आणि जुन्याच गाडीचा हिशोब करा. ८३ हजार रवे! कोल्हापुरातला कुठला अडत्या एकाच दिवशी, एकाच गावाला ८३ हजार रवे पाठवणार आहे? 'मिनी रेक' म्हणून वीस वॅगनची सोय काही अटींवर आहे, पण वीस वॅगन म्हणजेसुद्धा ४० हजार रवे झाले. 'तुमचा माल आम्ही घेत नाही' असं रेल्वे कुणाच्या तोंडावर म्हणत नाही. ती फक्त म्हणते, एवढा घेऊन या. अर्थ तोच.

पूर्वी असं नव्हतं. एक वॅगन भरून माल पाठवता यायचा, आणि त्याहून कमी असेल, म्हणजे दहा-वीस पोती, तर तेही 'स्मॉल्स' म्हणून बुक व्हायचं. मिरज-कोल्हापूर लाईन १८९१ साली सुरू झाली. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी, आणि ती स्टेशनच्या शेजारीच आहे हा काही योगायोग नाही. गुळाचं नि रेल्वेचं नातं इतकं जवळचं की कोल्हापूर सोडून मिरजेकडे निघालं की पहिल्या स्टेशनचं नावच 'गूळ मार्केट' आहे. पुढच्या खेपेला खिडकीतून बघा. माझ्या माहितीत भाजी, आंबा किंवा कापडाच्या नावाचं स्टेशन नाही, गुळाचं मात्र आहे, आणि ते आपल्याकडे आहे. त्यावर आता किती गूळ चढतो हे विचारू नका. गूळ गुजरातला आजही जातो, कोल्हापुरी गुळाला जीआय मानांकनसुद्धा मिळालं आहे, पण तो जातो ट्रकने.

मग बदल कधी झाला? साधारण १९८० च्या दशकात. आणि इथे मला रेल्वेची बाजू नीट मांडायची आहे, कारण नुसत्या शिव्या देणं सोपं आहे. तेव्हाची पद्धत अशी होती की प्रत्येक स्टेशनावरून एक-दोन वॅगन उचलायच्या, मोठ्या मार्शलिंग यार्डात नेऊन सोडायच्या, तिथे त्यांची दिशेप्रमाणे वाटणी करायची, नवी गाडी जोडायची, पुढच्या यार्डात परत तेच. या सगळ्यात वॅगन चालायची कमी आणि उभी राहायची जास्त. एकदा माल भरल्यापासून पुन्हा माल भरेपर्यंत जो वेळ जातो त्याला वॅगन टर्नअराउंड म्हणतात. १९८०-८१ मध्ये ब्रॉडगेजवर हा वेळ सुमारे १५ दिवस होता. वीज केंद्रांना कोळसा वेळेवर पोचत नव्हता. मग रेल्वेने ठरवले की सुटे डबे बंद, गाडी एका ठिकाणी पूर्ण भरायची आणि सरळ दुसऱ्या ठिकाणी पूर्ण रिकामी करायची. २००८-०९ पर्यंत तो १५ दिवसांचा आकडा पाचाच्या आसपास आला. त्याच वॅगन, पण काम जवळ जवळ तिप्पट! मेकॅनिकलची विद्यार्थिनी म्हणून मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगच्या पेपरात हे उदाहरण यायला हवं.

पण त्याच पेपरात दुसरा आकडाही यायला हवा. १९५०-५१ मध्ये देशातल्या एकूण मालवाहतुकीपैकी पंच्याऐंशी टक्क्यांच्या वर रेल्वेने होत होती. आता ती तीस टक्क्यांच्याही खाली आली आहे. रेल्वे आज वर्षाला दीडशे कोटी टनांहून जास्त माल वाहते, म्हणजे एकूण माल वाढलाच आहे. मात्र त्यात जवळ जवळ निम्मा नुसता कोळसा. बाकीचं लोहखनिज, सिमेंट, खत, धान्य. ज्याच्याकडे डोंगर आहे त्याचा माल रेल्वे नेते, ज्याच्याकडे ढीग आहे त्याने रस्ता धरावा. राष्ट्रीय रेल्वे आराखड्यात २०३० पर्यंत हा वाटा ४५ टक्के करायचं उद्दिष्ट लिहिलं आहे. कोळशाच्या जिवावर हे होणार नाही, उलट कोळसा पुढेमागे कमीच होईल. तो वाटा ढिगातूनच यावा लागेल.

आता कोल्हापूरकडे डोंगर कुठला? साखर कारखाने आहेत, त्यांचा रेक भरू शकतो. खत आणि सिमेंट बाहेरून येतं. बाकी सगळं आपलं गाव ढिगाचं आहे. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्या, इचलकरंजीचं कापड, यार्डातला गूळ. शेकडो छोटे मालक आणि प्रत्येकाचा माल एक-दोन ट्रक. (पुण्याला जाणारं कास्टिंग ट्रकनेच जावं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. अडीचशे किलोमीटरच्या आत रेल्वेला धरून बसण्यात अर्थ नाही. मी बोलतेय ते लांब जाणाऱ्या मालाबद्दल.) आणि व्यापाऱ्यालाही दोष कसा द्यायचा? ट्रक दारात येतो, दारात उतरतो. रेल्वेने पाठवायचं तर गोडाऊनमधून ट्रकमध्ये, ट्रकमधून वॅगनमध्ये, तिकडे वॅगनमधून ट्रकमध्ये आणि ट्रकमधून गोडाऊनमध्ये. दोनाच्या जागी चार वेळा हमाली.

हमाली म्हटलं की तुमच्या लक्षात आलं असेल, मी कुठे चालले आहे.

मागच्या सेमिस्टरला आमच्या ग्रुपला मटेरियल हँडलिंगवर मिनी प्रोजेक्ट होता. बाकीचे ग्रुप कन्व्हेयर बघायला साखर कारखान्यात गेले, आम्ही जिल्ह्यातल्या एका मालधक्क्यावर गेलो. रेक लागला नव्हता. शेडच्या सावलीत वीस-पंचवीस माणसं बसली होती. कुणी पत्ते कुटत होतं, कुणी डोक्याखाली टॉवेल घेऊन झोपलं होतं. एका वयस्कर मामांना मी विचारलं, "मामा, गाडी कधी येणार?"

"ते आमाला कुठलं कळतंय बाळ? मुकादमाला फोन येतोय, तो आमाला सांगतोय. रात्री दोनला आली तर दोनला यायचं."

"आणि नाही आली तर?"

"न्हाई आली तर चा प्यायचा आन घरला जायचं," मामा हसले. "पोतं उचललं तर पैसा हाय. बसल्याचा कोण देतोय?"

हे शेवटचं वाक्य माझ्या वहीत रीडिंगच्या टेबलाशेजारी लिहिलेलं आहे. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये ते बसेना, कारण त्याला युनिट नव्हतं.

रिपोर्टमध्ये जे बसलं ते सांगते. २,५०० टन खत म्हणजे ५० किलोची ५० हजार पोती. समजा शंभर माणसांची टोळी आहे आणि गाडी रिकामी करायला नऊ तास आहेत. प्रत्येकाच्या वाट्याला ५०० पोती, म्हणजे २५ टन. तासाला ५५ पोती, म्हणजे साधारण मिनिटाला एक. पाणी प्यायला, बिडी ओढायला, घाम पुसायला वेळ धरलेला नाही. आपण जिममध्ये तीन सेट मारून व्हॉट्सॲपवर फोटो टाकतो. ही माणसं एका पाळीत २५ टन पाठीवरून नेऊन थप्पी लावतात, आणि मग पुढचा रेक येईपर्यंत कधी दोन दिवस, कधी आठवडा काहीच नाही. रेकच्या पद्धतीने कामाचं हेच केलं. पूर्वी रोज दोन-चार वॅगन लागायच्या तेव्हा काम थोडं थोडं पण रोज असायचं. आता एकदम पूर येतो, नाहीतर कोरडं. वर्षाच्या टनांची बेरीज कदाचित तेवढीच येईल, पण घर रोज चालवायचं असतं आणि पाठही एकच असते.

आणि घाई कशाची? डेमरेजची. ठरलेल्या वेळात गाडी रिकामी नाही झाली तर रेल्वे दर वॅगनमागे, दर तासाला दंड लावते. माल उतरवून धक्क्यावरच पडून राहिला तर व्हार्फेज वेगळं. त्यामुळे ज्याचा माल आहे तो मुकादमाच्या मागे लागतो, मुकादम टोळीच्या. रेल्वेचं तत्त्व अगदी बरोबर आहे: वॅगन ही किमती वस्तू आहे, ती तुमच्यामुळे थांबली तर तिच्या थांबण्याचे पैसे भरा. मला फक्त एवढंच विचारायचं आहे की हेच तत्त्व माणसाला का लागू नाही? गाडी सहा तास उशिरा आली तर शंभर माणसांचे सहाशे तास गेले. त्याचं डेमरेज कोण भरतं? रेल्वे म्हणणार, हे आमचे कर्मचारी नाहीत. खरं आहे, माल चढवणं-उतरवणं ही जबाबदारी पाठवणाऱ्याची आणि घेणाऱ्याची असते. व्यापारी म्हणणार, गाडी काय माझ्या हातात आहे? तेही खरं. दोघेही खरे, आणि मामा चहा पिऊन घरी.

आपल्या राज्याला हा प्रश्न नवा नाही. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईत माथाडी कामगार उभे केले आणि त्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. 'मालक कोण?' या प्रश्नाला त्या कायद्याने फार हुशार उत्तर दिलं. मालक अनेक असू देत, मजुरी मंडळात जमा करा, वर लेव्ही भरा, त्यातून मंडळ फंड, ग्रॅच्युइटी, औषधपाणी बघेल. पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायतीतून हमालांना संघटित केलं. म्हणजे मालक नक्की नसला तरी कामगाराला हक्क देता येतो हे महाराष्ट्राने देशाला करून दाखवलं आहे. पण मजुरीचा हिशोब मात्र टनावरच राहिला. टन आले नाहीत की मजुरी नाही आणि लेव्हीही नाही.

गेज बदलताना असंच झालं असेल, असं मला नेहमी वाटतं. १९७१ पर्यंत कोल्हापूरची लाईन मीटरगेज होती, मुंबईचा माल पुण्यात एका गाडीतून दुसऱ्या गाडीत टाकावा लागायचा. मिरजेत तर एके काळी ब्रॉड, मीटर आणि नॅरो अशी तिन्ही गेज होती. ती अदलाबदल हातानेच व्हायची. ब्रॉडगेज झालं ते चांगलंच झालं, एकच पोतं दोनदा उचलण्यात काही शहाणपण नव्हतं. पण रेल्वेच्या इतिहासात गेज बदलल्याची तारीख सापडते, त्या दिवशी ज्यांचं काम गेलं त्यांची संख्या सापडत नाही. तिलाही बहुतेक युनिट नसावं.

कुणाला वाटेल हे आपल्याच देशातलं रडगाणं आहे. तसं नाही. अमेरिकेत मालगाड्या खाजगी कंपन्यांच्या आहेत. तिथे 'प्रिसिजन शेड्यूल्ड रेलरोडिंग' नावाची पद्धत आली: गाड्या लांब करा, यार्ड बंद करा, माणसं कमी करा. सहा वर्षांत मोठ्या कंपन्यांनी २९ टक्के, म्हणजे सुमारे ४५ हजार कामगार कमी केले, असं तिथल्या सरफेस ट्रान्स्पोर्टेशन बोर्डाच्या अध्यक्षांनी २०२२ मध्ये सांगितलं. मग झालं काय, गाड्या चालवायला माणसंच पुरेनात. युनियन पॅसिफिक या कंपनीने 'एम्बार्गो' लावून ग्राहकांचा माल घेणं थांबवायला सुरुवात केली. २०१७ मध्ये असे एम्बार्गो २७ होते, २०२२ मध्ये हजाराच्या वर गेले. एका खत कंपनीला ऐन हंगामात वॅगन कमी करायला सांगितलं. कॅलिफोर्नियातल्या एका पोल्ट्री कंपनीच्या कोंबड्यांना मका पोचेना, तेव्हा बोर्डाला तातडीचा हुकूम काढावा लागला. आणि जे कामगार उरले होते ते पगारी आजारी रजा मागत होते. डिसेंबर २०२२ मध्ये संसदेने कायदा करून त्यांचा संप रोखला, सात दिवसांच्या रजेचा प्रस्ताव मात्र सिनेटमध्ये पडला. आपल्याकडे सरकारी रेल्वे, तिकडे खाजगी. पण दोन्हीकडे कार्यक्षमता मोजताना गाडी मोजली.

हॉस्टेलच्या गच्चीवर हे सगळं बोलले तेव्हा कॉम्प्युटरच्या एका मित्राने ऑब्जेक्शन घेतलं, "रेल्वे काय धर्मादाय संस्था आहे का? आणि पाठीवर पोती वाहणं हे काम टिकवायचंय कशाला? फोर्कलिफ्ट आणा." त्याचं दुसरं म्हणणं मला पटतं. माणसाने २५ टन उचलू नयेच. पॅलेट, फोर्कलिफ्ट, निदान टेलिस्कोपिक कन्व्हेयर तरी यायला पाहिजे, आणि ते डिझाईन करणं आपलंच काम आहे. प्रश्न एवढाच, की ते यंत्र कुठे येतं आणि चालवतं कोण? डिसेंबर २०२१ मध्ये गतिशक्ती कार्गो टर्मिनलचं धोरण आलं, खाजगी टर्मिनलवर यंत्रं येतीलही. जुन्या धक्क्यावरच्या मामांना त्या फोर्कलिफ्टचं ट्रेनिंग आणि लायसन्स देऊन तिथे घेणार आहेत का? तसं लिहून द्या, मी उद्यापासून फोर्कलिफ्टच्या बाजूने.

आणि धर्मादायचं म्हणाल, तर छोटा माल घेणं रेल्वेला जमत नाही असं नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये प्रवासी गाड्या बंद होत्या तेव्हा याच रेल्वेने वेळापत्रकाच्या पार्सल गाड्या चालवल्या. ७ ऑगस्ट २०२० ला देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल सुटली. शंभरावी गाडी त्याच वर्षी २८ डिसेंबरला आपल्या शेजारच्या सांगोल्यातून बंगालमधल्या शालिमारला गेली. डाळिंबवाल्याने दहा पेट्या आणल्या तरी घेत होते, कमीत कमी इतकं पाहिजे ही अट नव्हती, वाटेतल्या स्टेशनांवर माल चढत-उतरत होता. त्यात फळं-भाज्यांच्या भाड्याला ५० टक्के सरकारी अनुदान होतं हे मान्य. पण गाडी धावली ना? रेकच भरला पाहिजे ही सोयीसाठी माणसांनी केलेली अट आहे, ती थोडी बदलता येते.

माझ्या मनात आहे ते सांगते. यार्डातले व्यापारी, फौंड्रीवाले आणि इचलकरंजीचे कापडवाले यांचा लांबचा माल एकत्र करून आठवड्याला एक ठरलेली गाडी भरता येईल का? ज्याला जेवढं पाहिजे तेवढी जागा, पण दिवस आणि वेळ पक्की. बाजार समितीने बुकिंग घ्यायचं, रेल्वेने वेळ पाळायची. हा खरं तर ऑपरेशन्स रिसर्चचा सरळ प्रॉब्लेम आहे. आपण परीक्षेत तीन कारखाने आणि चार गोडाऊन यांचं ट्रान्स्पोर्टेशन मॉडेल सोडवतो, त्यातल्या 'ए', 'बी', 'सी' च्या जागी शिरोली, हातकणंगले, गूळ मार्केट लिहिलं की झालं. फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी कुणी घेणार असेल तर आमच्या ग्रुपची वही मिळेल. वेळ पक्की असली की टोळीलाही आदल्या दिवशी कळेल, रात्री दोनचा फोन नको.

आणि ज्या दिवशी वेळ चुकेल त्या दिवसासाठी मी एक हिशोब केला आहे. शंभर हमालांना वाट बघितल्याबद्दल प्रत्येकी ५०० रुपये द्यायचे ठरवले तर ५० हजार रुपये होतात. गाडीत पोती ५० हजार. म्हणजे पोत्याला एक रुपया, किलोला दोन पैसे. खताच्या गोणीवर एक रुपया वाढला तर शेतकरी ओरडेल, हे मला माहीत आहे, माझे काका शेतीच करतात. म्हणून तो रुपया गोणीवर न टाकता रेल्वेला जे डेमरेज मिळतं त्यातून काढावा आणि माथाडी मंडळाकडे जमा करावा, असं माझं म्हणणं आहे. कुणाला यातलं गणित चुकीचं वाटत असेल तर लेडीज हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर चिठ्ठी लावा, रेक्टर मॅडमची परवानगी मी काढते.